जूनचे बोलावणे : धरमतर खाडीकाठची घरे आणि सरकारी शाळा

अंबा नदीचे पाणी नागोठण्याच्या खाली भरती-ओहोटीच्या पाण्यात मिसळू लागते आणि पुढे तीच नदी धरमतरची खाडी होऊन मुंबई बंदराच्या दक्षिण अंगाला समुद्राला मिळते. खाडीच्या पूर्वेला पेण तालुका, वरच्या टोकाला रोहा तालुक्यातले नागोठणे आणि पश्चिमेला अलिबागचा खारेपाट असा हा रायगड जिल्ह्याचा, म्हणजे १ जानेवारी १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा, सखल मुलूख आहे. या मुलखात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाताची पेरणी आणि शाळा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. शाळा कधी उघडणार, कोणाचे नाव घातले जाणार, काय भरावे लागणार आणि काय मिळणार हे दरवर्षी घरोघरी कळवावे लागते. हे कळवण्याची रीत गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलली. कधी थोराड मुले पाठवून, कधी दवंडी पिटून, कधी कायद्याची नोटीस बजावून, कधी प्रभातफेरी काढून आणि आता भ्रमणध्वनीवरच्या संदेशाने शाळेने घराला हाक दिली. या हाकेचा इतिहास पाहिला म्हणजे शासनाला या घरांची कितपत ओळख होती हे जेवढे स्पष्ट होते, तेवढे शाळांच्या संख्येवरून होत नाही.

इंग्रजी अंमल स्थिरावण्यापूर्वी आणि त्यानंतरही काही दशके मोठ्या गावांतून पंतोजींच्या शाळा चालत. पंतोजी म्हणजे गावकऱ्यांच्या आश्रयाने मुलांना अक्षरओळख, मोडी वाचन-लेखन आणि हिशेब शिकवणारा खासगी शिक्षक. त्याची शाळा एखाद्या देवळात, वाड्याच्या ओसरीवर किंवा त्याच्याच घराच्या पडवीत भरे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२० नंतरच्या दशकात अशा देशी शाळांची चौकशी करण्यात आली आणि रा. वि. परुळेकर यांनी विसाव्या शतकात ते कागद संपादित करून अभ्यासकांसमोर ठेवले. या शाळांना सगळ्यांसाठी एकच असा वर्षारंभ नव्हता. मुलाला शाळेत घालण्यास दसऱ्याचा दिवस शुभ मानला जाई, त्या दिवशी पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होई, पण प्रत्येक मुलाचा प्रारंभ त्याच्या घरच्या मुहूर्ताने ठरे. पूर्ण पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेतले जात, कारण बाजारातला आणि सावकारी वहीतला हिशेब त्यांच्यावरच चाले. अमावास्या-पौर्णिमेला सुटी असे. मोबदला थोडा रोखीने आणि पुष्कळसा धान्याने किंवा शिध्याने दिला जाई, त्यामुळे कोणाच्या शेतात या साली किती पिकले हे पंतोजीला आपोआपच कळे. मूल आले नाही तर थोराड मुलांना त्याच्या घरी धाडून ते उचलून आणण्याची पद्धत होती.

घराच्या पंचांगाशी जुळवून घेणारी ही शाळा होती खरी, पण ती फार थोड्या घरांची होती. हिशेब आणि लेखन हाच ज्यांच्या पोटापाण्याचा भाग होता अशा जातींचीच मुले प्रामुख्याने तेथे बसत. खारजमीन कसणारे आगरी, खाडीत जाळे टाकणारे कोळी, डोंगरउतारावरचे ठाकूर आणि कातकरी, गावकुसाबाहेरचे महार आणि सर्वच जातींच्या मुली यांच्या दारापर्यंत पंतोजीचे बोलावणे सहसा जात नसे. जुन्या गावशाळेचे गोडवे गाताना हे विसरले जाते, आणि ते विसरून या मुलखाचा शैक्षणिक इतिहास लिहिता येत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. शिक्षणाच्या बाजूने पाहता १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, प्रांताप्रांतांत शिक्षण खाते स्थापण्याचा पाया घातला आणि मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये असे खाते सुरू झाले. गावाशी त्याचा खरा संबंध आला तो १८६३ नंतर, जेव्हा जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवण्यात आली. हिला लोकल सेस किंवा स्थानिक उपकर म्हणत. तिच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि उरलेला रस्ते व इतर कामांसाठी ठेवला जाई, आणि १८६९ च्या कायद्याने तिला पक्के रूप मिळाले.

धरमतरच्या काठावर या एक आण्याचा अर्थ नीट समजून घ्यायचा तर तिथली जमीन कशी निर्माण झाली हे पाहावे लागते. समुद्राच्या भरतीखाली जाणाऱ्या खाजणावर मातीचे बांध घालून, उघाडीतून म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून गोडे पाणी बाहेर सोडून आणि खारे पाणी अडवून, पिढ्यान्पिढ्यांच्या कष्टाने भातशेती तयार झाली. बांधांच्या राखणीची आणि दुरुस्तीची व्यवस्था पाहणाऱ्या, अशा जमिनी उठवणाऱ्या पुढाऱ्यांना पेणच्या बाजूला शिलोत्री म्हणत. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, तर एका रात्रीत पीक जाई आणि पुढची काही वर्षे जमीन खारवून पडे. अशा जमिनीवर घाम गाळणाऱ्या कुळाच्या कष्टातून सारा निघे, साऱ्यावर शिक्षणाचा उपकर बसे आणि त्या उपकरातून चालणाऱ्या शाळेत बहुधा त्याचे स्वतःचे मूल नसे. उपकर भरणाऱ्यांच्या मुलांना फीमध्ये सवलत होती, तथापि सवलतीचा उपयोग होण्यासाठी मूल आधी शेतातून आणि गुरांमागून सुटावे लागे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी आयोगापुढे, जे निवेदन दिले त्याचा गाभा हाच होता. रयतेच्या श्रमातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि निदान बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. फुल्यांचे म्हणणे सबंध इलाख्याविषयी होते, पण खारेपाटासारख्या प्रदेशाला ते जसेच्या तसे लागू पडत होते.

याच काळात धरमतर हे मुंबईहून येणाऱ्या आगबोटींचे बंदर म्हणून महत्त्वाला चढले. तेथून एक वाट पेणवरून खोपोलीकडे आणि दुसरी नागोठण्यावरून दक्षिणेला महाडकडे जाई, त्यामुळे मुंबईची माणसे आणि माल या बंदरावर उतरून जिल्ह्यात पसरत. इंग्रजी शाळेचे वर्षही मुंबईच्याच रिवाजाने बांधलेले होते : उन्हाळ्याची लांब सुटी आणि जूनमध्ये नव्या वर्गाला प्रारंभ. गावच्या प्राथमिक शाळेत सुरुवातीच्या काळात मूल वर्षभरात केव्हाही दाखल होऊ शके, आणि तिची कसोटी लागे ती डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे लोकांच्या तोंडचे डिपोटी, पाहणीला येत तेव्हा. त्या भेटीची वर्दी गावात आधी पोहोचे, सारवण होई, एरवी न फिरकणारी मुलेही बोलावून आणून बसवली जात. शाळेने घराला निकडीने बोलवावे असा प्रसंग मुलाच्या प्रवेशाचा नसून साहेबाच्या तपासणीचा होता, ही गोष्ट त्या व्यवस्थेवर पुरेसा प्रकाश टाकते. पुढे इयत्तावार अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा आणि सातवीअखेरची व्हर्नाक्युलर फायनल ही सार्वजनिक परीक्षा रुजत गेली, तसतसा जून हा सर्वांचाच वर्षारंभ झाला.

आता जून महिना खाडीकाठच्या घरात कसा असे ते पाहावे. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. त्याआधी महिनाभर राब भाजून, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि गोवऱ्या जाळून, जमीन तयार केलेली असते. पहिल्या पावसावर पेरणी होते आणि रोपे तयार झाली की जुलैत लावणी लागते. लावणीच्या दिवसांत घरातला एकही हात मोकळा नसतो, आणि ज्या मुलाला चिखलात उतरता येत नाही ते धाकट्या भावंडाला सांभाळते किंवा गुरे राखते. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी आणि सरपण भरून ठेवण्याच्या रिवाजाला कोकणात आगोट म्हणतात, आणि ही आगोट भरण्यात घरातली होती नव्हती ती रोकड मे अखेर संपून जाई. कोळ्यांची होडी पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली असल्यामुळे त्यांच्या घरी नारळी पौर्णिमेपर्यंत कमाई नसे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारे पुरुष मे महिन्यात गावी येऊन जूनच्या तोंडावर परतत, आणि घर बाईमाणसावर सोपवले जाई. वर्षातला सर्वांत ओढगस्तीचा, सर्वांत कामाचा आणि माणसांच्या ताटातुटीचा जो पंधरवडा, नेमका त्याच पंधरवड्यात शाळा पाटी, पुस्तक, फी आणि मूल मागत होती. ग्रामीण पालक शिक्षणाविषयी उदासीन असतात असा शेरा जुन्या अहवालांतून वारंवार आढळतो, मात्र त्या उदासीनतेचा मोठा भाग हा वेळापत्रकाचा होता, मनाचा नव्हता, असे या महिन्याच्या घरगुती अर्थकारणावरून म्हणावे लागते.

ज्यांना शेतीची अडचण नव्हती त्यांना अंतराची होती. इंग्रजी शिक्षणाची सोय थोड्या ठिकाणी असल्यामुळे जून हा घर सोडण्याचा महिना ठरे. रोह्यात बालपण गेलेले आणि पुढे १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले. त्यांच्यासारख्या बुद्धिमान मुलालाही पुढच्या शिक्षणासाठी रोहा सोडून मुंबई गाठावी लागली. १९१७ मध्ये अलिबागला कोकण एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या काळात जिल्ह्यातल्या गावागावांतून माध्यमिक शाळा निघाल्या, तेव्हा ही ताटातूट हळूहळू कमी झाली. ज्यांना आप्तांच्या घरी मुंबई-पुण्यात मूल ठेवणे शक्य नव्हते अशा घरांसाठी हा बदल किती मोठा होता हे आज सहज लक्षात येत नाही.

बोलावणे आले तरी आत बसू दिले जाईल याची खात्री नसलेली घरेही होती. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि ते प्रकरण इलाख्याच्या सरकारपासून विलायतेतल्या संचालकांपर्यंत गेले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असाव्यात हे तत्त्व त्यातून कागदावर मान्य झाले, पण गावोगावच्या शाळांत अस्पृश्य मुलांना दाराबाहेर, पडवीत किंवा वेगळ्या जागी बसवण्याची रीत पुढे अनेक दशके टिकली. सी. के. तथा सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे तो सांगत होता. या ठरावाच्याच आधारावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये ज्या चवदार तळ्याचे पाणी घेतले ते महाड याच कुलाबा जिल्ह्यातले. गावाला शाळा उघडल्याची दवंडी देण्याचे काम वतनाने महाराकडे असे, आणि जी वर्दी तो साऱ्या गावाला देई तिच्यात त्याच्या स्वतःच्या मुलाला जागा नसे. या एका वस्तुस्थितीत त्या काळच्या सार्वजनिक शिक्षणाची सारी मर्यादा सामावलेली आहे.

शाळेत नाव दाखल होणे ही घटना घराच्या दृष्टीने वाटते त्याहून फार खोल होती, आणि तिचा अवशेष आजही शाळांच्या कपाटांत जपलेला आहे. प्रत्येक शाळेत दाखल-खारीज नोंदवही असते, जिला जनरल रजिस्टर असेही म्हणतात. तिच्यात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचा दिवस लिहिला जातो आणि तिच्यावरूनच शाळा सोडल्याचा दाखला दिला जातो. जन्माची नोंद ज्या काळी सर्रास होत नव्हती त्या काळी आई-वडील मुलाचे वय तारखेने सांगत नसत. अमुक पुराच्या साली, तमुक लग्नानंतरच्या शिमग्यात, बांध फुटला त्या वर्षी, असे ते सांगत. गुरुजींना मात्र रकान्यात तारीख भरायची असे आणि शाळा उघडण्याच्या सुमारास प्रवेशाचे वय पूर्ण झालेले दाखवायचे असे, म्हणून अनेकदा ते १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ मध्ये झाला आणि त्यानंतरही नोंदी नियमित व्हायला वेळ लागला, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वडीलधाऱ्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. नोकरी, निवृत्तिवेतन, आधार, मतदार यादी या सर्वांत पुढे हीच तारीख चालू राहिली. आईला आठवणारा पावसाळा बाजूला पडला आणि शाळेने दिलेला दिवस माणसाचा कायमचा जन्मदिवस झाला.

या नोंदवहीतल्या जातीच्या रकान्यालाही असेच अनपेक्षित महत्त्व आले. आरक्षणासाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी आवश्यक ठरल्यावर आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंद शोधणे हे अनेक कुटुंबांचे पहिले काम झाले. जमिनीचा तुकडाही नावावर नसलेल्या कातकरी किंवा ठाकूर कुटुंबाला सातबाऱ्यावर पूर्वज सापडत नाही, पण पूर्वज कधी काळी महिनाभर जरी शाळेत बसला असेल तर त्याचे नाव सापडू शकते. म्हणूनच जीर्ण झालेल्या, वाळवी लागलेल्या या वह्या म्हणजे गरीब कुटुंबांच्या वंशावळीचा दप्तरखाना आहे, आणि त्यांचे जतन इतिहासाच्या अभ्यासकांनी मंदिरांच्या शिलालेखांइतक्याच आस्थेने करायला हवे.

सक्तीच्या शिक्षणाची वाट मुंबई इलाख्यात टप्प्याटप्प्याने तयार झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात ती सुरू केली होती, तर गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले विधेयक फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झालेला १९१८ चा कायदा नगरपालिकांपुरता होता. १९२३ च्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या त्या वेळच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे, प्राथमिक शाळांचा कारभार आला. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीची जबाबदारी अधिक व्यापक केली. शाळेत न येणाऱ्या मुलाच्या पालकावर हजेरीचा हुकूम बजावण्याची आणि तो न पाळल्यास दंडाची तरतूद त्यात होती. घराला शाळेकडून आलेले हे पहिले खऱ्या अर्थाने कायदेशीर पत्र, पण ते धाकाचे पत्र होते. ज्या वर्षी उधाणाने बांध फुटला त्या वर्षी दंड कोणाकडून घ्यायचा, हा प्रश्न कायद्याच्या कोणत्याही कलमात सुटत नव्हता.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या झाल्या. अलिबागला जिल्हा परिषद, पेण आणि रोहा येथे पंचायत समिती आणि गावात तिचा शिक्षक, अशी ही साखळी तयार झाली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारती या राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने सर्वांसाठी सारखी आणि स्वस्त पुस्तके तयार केली, आणि जूनमधल्या घरखर्चाचा एक घोर काहीसा हलका झाला. सर्वांत मोठा बदल मात्र बोलावण्याच्या सुरात झाला. जूनच्या आधी गावातल्या दाखलपात्र मुलांची, म्हणजे प्रवेशाचे वय झालेल्या मुलांची, घरोघर फिरून यादी करायची, पटनोंदणीचा सप्ताह पाळायचा, मुलांची प्रभातफेरी काढायची, ही शिक्षकाची कामे ठरली. या फिरण्यामागे शिक्षकाचे हितही गुंतलेले होते, कारण शाळेचा पट म्हणजे नोंदवलेल्या मुलांची संख्या घटली की मंजूर शिक्षकांची पदे घटतात. पटाच्या या दडपणाने कागदोपत्री मुले वाढवण्याचा दोषही निपजला, आणि ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत राज्यभर विशेष पटपडताळणी करावी लागली. तरीसुद्धा मृगाच्या आधी गुरुजी किंवा बाई पायवाटेने वाडीवर जाऊन ओसरीवर बसतात, मुलाचे वय विचारतात आणि घरची अडचण ऐकून घेतात, ही गोष्ट पंतोजींच्या काळानंतर प्रथमच घडत होती, आणि या वेळी ती सर्व जातींच्या घरी घडत होती. दोन शतकांच्या या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घडामोड मानायला हवी.

धाकाच्या जागी आधार देण्याचे काही उपायही याच काळात झाले. दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेतील मुलींना हजेरीच्या दिवसामागे १ रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना राज्याने १९९२ मध्ये आणली. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशभर शालेय पोषण आहाराचा कार्यक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रात प्रारंभी नियमित हजर राहणाऱ्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी नेता येऊ लागला. शिजवलेले अन्न शाळेतच देण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि त्यानंतर शाळेच्या पडवीत खिचडी शिजू लागली. पाचवीनंतर शाळा लांब पडणाऱ्या मुलींसाठी एसटीच्या मोफत पासाची अहिल्याबाई होळकर योजना आणि इतर विद्यार्थ्यांसाठी मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत यांमुळे नागोठणे, पेण किंवा रोह्याची माध्यमिक शाळा खेड्यातल्या घराच्या आवाक्यात आली.

या सर्व उपायांना पुरून उरलेला प्रश्न कातकऱ्यांचा आहे. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणलेला हा समाज पेण आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांतून राहतो, आणि दिवाळीनंतर यांतली बरीच कुटुंबे मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन वीटभट्ट्यांवर किंवा कोळसाभट्ट्यांवर जातात. ती परततात ती पावसाच्या तोंडावर. जूनमध्ये मूल वाडीवर असते, शाळेत नाव दाखल होते, पुस्तके मिळतात आणि नोव्हेंबरात तेच मूल आईबापांबरोबर भट्टीवर जाते. वाडीवरच शाळा नेण्यासाठी २००० नंतर वस्तीशाळा निघाल्या, ठाण्याच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, आणि स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत विनाअडथळा बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्याची व्यवस्थाही झाली. त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू भागात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोग केला होता. मूल जिथे आहे तिथे शाळेने जावे ही दृष्टी त्यामागे होती, आणि ती प्रयोगाच्या पुढे फारशी गेली नाही याची खंत वाटते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात सक्तीचा रोख पालकाकडून शासनाकडे वळला आणि मूल शाळेत आणण्याची जबाबदारी शासनाची ठरली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही या कायद्याने ठरवले. २०२२ पासून उन्हाळ्यात शाळापूर्व तयारी मेळावे भरू लागले, त्यांत पहिलीत येणाऱ्या मुलाची तयारी पाहून आईला घरी करून घेण्याच्या कृती समजावून सांगितल्या जातात.

कळवण्याच्या साधनावर माणूस किती विसंबून आहे हे २०२० च्या जूनमध्ये दिसले. महामारीमुळे वर्ग बंद होते आणि शाळा बंद पण शिक्षण सुरू अशा घोषणेखाली दूरध्वनीवरून अभ्यास पोहोचवण्याची राज्याची तयारी चालली होती, तोच ३ जून रोजी निसर्ग हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. घरांबरोबर शाळांचीही छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि जिल्ह्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज आणि संपर्क नव्हता. ज्या घरात कौल उरले नव्हते त्या घराला पडद्यावरचा अभ्यास पाठवता येणे शक्यच नव्हते. आता दर जुलैत अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली शाळांना सुटी जाहीर करतात आणि तो संदेश रात्रीतून पालकांच्या गटांवर फिरतो. अंबेच्या आणि कुंडलिकेच्या पुराचा अनुभव पाहता ही दक्षता योग्यच आहे. परंतु जिथे संपर्काची रेघ उमटत नाही अशा वाडीवरचे मूल ओढा ओलांडून शाळेच्या बंद दाराशी पोहोचते, आणि धोका टाळण्यासाठी दिलेली सुटी त्याच्यापुरती धोक्याचीच ठरू शकते.

खाडीकाठच्या गावांतून आज इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या गाड्या सकाळी फिरतात, डोलवी, नागोठणे आणि धाटावच्या कारखान्यांमुळे काही घरांत नियमित पगार येतो, आणि जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा पट वीसच्या आत आला आहे. अशा शाळांऐवजी समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव राज्य शासनाने २०२३ मध्ये मागवले. बोलावणारी शाळाच वाडीवरून उठली तर पहिलीच्या मुलाला ओढ्यापलीकडे कोण नेणार, हा प्रश्न त्या प्रस्तावांच्या विरोधात पालकांनी आणि शिक्षकांनी ठिकठिकाणी विचारला आहे. या वादात २००९ च्या कायद्याचे नववे कलम फारसे वाचले जात नाही. स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथे जिल्हा परिषदेची, कर्तव्ये त्या कलमात सांगितली आहेत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल अशी खात्री करणे आणि शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरवणे ही तिन्ही कामे तेथे एकाच यादीत आहेत. लावणीचे पंधरा दिवस आणि भट्ट्यांचे सहा महिने लक्षात घेऊन पेण आणि रोह्याच्या वाड्यांसाठी निराळे वर्ष आखण्याचा अधिकार अलिबागच्या जिल्हा परिषदेला १ एप्रिल २०१० पासून आहे, आणि शाळा उघडण्याची तारीख अजूनही पुण्या-मुंबईहूनच येते.